रिकाम्या करवतीचा आवाज

मी मोठ्या बँकेत आहे असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा आधी उजळतो आणि मग पडतो. उजळतो कारण त्याला वाटतं, चला, हिच्या ओळखीने कर्जाचं काम होईल. पडतो कारण मी सांगते की आमची बँक कुणाला कर्ज देत नाही, कुणाचं खातं उघडत नाही. ती बाकीच्या बँकांची बँक आहे, आणि देशात पैसा किती महाग असावा तेवढं ती ठरवते. "मग तुमचा उपयोग काय हो ताई?" असं माझ्या सख्ख्या वहिनीने एकदा जेवता जेवता विचारलं होतं. मी तेव्हा फणकारले होते. आता ती विचारत नाही.

त्यातून मी ठरवणाऱ्यांपैकी नाही. ठरवणारे सात जण वरच्या मजल्यावर गालिचा घातलेल्या खोलीत बसतात. मी पायपीट करणाऱ्यांपैकी. खांद्याला बँकेची निळी पिशवी, पिशवीत चार पानी फॉर्म, आणि दर तीन महिन्यांनी यादीतले साठ कारखाने. कारखाने म्हणजे काही मोठी धुराडी नव्हेत. पत्र्याच्या शेडी. सुतारकाम, वेल्डिंग, फरशा, खिडक्यांच्या जाळ्या. मालकासमोर बसायचं आणि विचारायचं: ऑर्डरी मागच्या वेळेपेक्षा जास्त, तेवढ्याच की कमी? किती मशिनं चालू? माणसं वाढवणार का? भाव वाढवणार का? तो सांगेल तिथे खूण करायची. अशा सगळ्या शहरांतल्या सगळ्या खुणांचा मिळून वर एक आकडा जातो, आणि तो आकडा त्या सात जणांच्या समोर ठेवतात. एकटाच नाही, बाकीही पुष्कळ कागद असतात. पण असतो.

नियम दोनच. पहिला: मालक सांगेल तेच लिहायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. दुसरा: एखादा कारखाना बंद पडला तर तो यादीतून काढायचा आणि त्याच्या जागी पुढचा चालू कारखाना घ्यायचा. मला नोकरीच्या पहिल्या दिवशी हे दोन्ही नियम पाठ करायला लावले होते, आणि दोन्ही मला शहाणपणाचे वाटले होते. तेव्हा मला बरंच काही शहाणपणाचं वाटायचं.

साठ कारखान्यांत सदतिसावा क्रमांक माझ्या दादाचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाबांच्या मागे त्यानेच शेड सांभाळली. नव्या घरांचे दरवाजे, चौकटी, स्वयंपाकघरातली कपाटं. यादी संगणकाने काढलेली, त्यात माझा काही हात नव्हता. तरी मी साहेबांना जाऊन सांगितलं की हा माझा भाऊ आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेबांनी पोटाची गोळी चघळत माझ्याकडे पाहिलं. भले गृहस्थ होते, फक्त त्यांचं पित्त कायम खवळलेलं. "मॅडम, दोन जणांत मी एकशे वीस कारखाने करतोय. दुसरा कुणी म्हणजे मी स्वतः जाऊ का?" म्हटलं, नको. मीच जाते.

आता आमच्या शेडीची एक रीत सांगते. आमच्याच काय, त्या अख्ख्या गल्लीची. बाहेरचं माणूस फाटकात दिसलं की करवत चालू करायची. लाकूड असो नसो. शेड गप्प दिसली की लाकडाचा व्यापारी उधारीवर माल टाकत नाही, गिऱ्हाईक भाव पाडतं, शेजारचा आपल्या कारागिराला फितवतो. म्हणून बाबा म्हणायचे, "आवाज बंद पडू द्यायचा नाही. पोट रिकामं असलं तरी चालेल." मी शाळेचा अभ्यास त्याच शेडीत, फळ्यांच्या थप्पीवर बसून केलाय. त्यामुळे करवतीचा आवाज मला आईच्या आवाजासारखा ओळखू येतो. लाकूड लागलं की तो खाली उतरतो, घोगरा होतो, मध्येच अडतो. रिकामी असली की एकाच सुरात किंचाळत राहते.

त्या वर्षी महागाईने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. तेल महाग, धान्य महाग, औषधं महाग. वरच्या सात जणांपुढे प्रश्न असा होता की ही महागाई आली कुठून? माल बाहेरून येतानाच महाग झालाय, की लोकांच्या खिशात पैसा खुळखुळतोय आणि ते मिळेल ते उचलतायत? पहिलं असेल तर व्याज वाढवून फारसा उपयोग नाही. दुसरं असेल तर व्याज वाढवायचं. कर्ज महाग झालं की लोक घर, गाडी, कपाट पुढच्या वर्षावर टाकतात, मागणी थंडावते, भाव खाली येतात. एवढं साधं आहे हे. मी दादाला, वहिनीला, सगळ्यांना असंच समजावून सांगत असे, आणि सांगताना मला फार हुशार झाल्यासारखं वाटत असे.

त्या तिमाहीत मी गल्लीत शिरले ती सकाळी अकराच्या सुमाराला. फाटकाची कडी वाजवली आणि आतून करवत किंचाळली. रिकामी. मी मनातल्या मनात हसले. आत गेले तर मिस्त्रीकाका करवतीच्या बटणापाशी उभे. बाबांच्या वेळचे कारागीर, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी, मला कडेवर घेऊन फिरवलेलं माणूस.

दादाने ऑफिसच्या काचेतून मला पाहिलं आणि ओरडला, "बंद करा हो मिस्त्री, आपलीच आहे!"

करवत बंद झाली. मिस्त्रीकाका हसले. "निळी पिशवी दिसली गं चिमे. म्हटलं, कोण सरकारी आलं."

घरात मला अजून चिमीच म्हणतात. बाहेर मी मॅडम.

ऑफिसात मात्र दादा एकटा नव्हता. समोर लाकडाचा व्यापारी चहा पीत बसला होता, पाय पसरून, आपल्याच घरात असल्यासारखा. मी म्हटलं, "नंतर येऊ का?" दादा म्हणाला, "कशाला? विचार की. लपवायचंय काय आपल्याला!" आणि मी तिथेच, त्या व्यापाऱ्याच्या देखत, फॉर्म काढला. माझी चूक. पहिली.

"ऑर्डरी?"

"जास्त. भरपूर जास्त."

"मशिनं किती चालू?"

"सगळी! नवीन घेतलंय ते बघितलंस ना? ते पण कमी पडतंय."

"माणसं वाढवणार?"

"चार तरी लागतील."

"भाव?"

"वाढवावेच लागणार. गिऱ्हाईक ऐकत नाही, रांग लागलीय."

दादा बोलत होता आणि मी काचेतून शेड बघत होते. नव्या मशीनवर प्लास्टिक तसंच होतं. जुन्या दोनांवर पोती टाकलेली. शेडीत पाच माणसं, त्यातले तिघं गप्पा मारत होते. व्यापारी मान डोलावत होता. मी खुणा करत गेले: जास्त, सगळी, होय, होय.

व्यापारी एकदाचा गेला. मी पेन खाली ठेवलं. "दादा, आता खरं सांग. मी खोडते."

"खोडतेस कशाला?"

"अरे, अंगात आल्यासारखा थापा मारत होतास! प्लास्टिक निघालेलं नाहीये मशीनचं."

तो खुर्चीत मागे रेलला. त्याचा चेहरा एकदम दमलेला दिसला. म्हणाला, "बेचाळीस घरांचं काम आहे, बिल्डरशी बोलणं झालंय. सगळे दरवाजे, सगळ्या चौकटी, सगळी कपाटं. त्या जोरावर मशीन घेतलं, कर्जावर. त्याची घरं बुक झाली की तो मला आगाऊ रक्कम देणार. ते काम आलं की मी तरलो, चिमे. नाही आलं तर..." आणि त्याने शेडीकडे हात केला.

"मग तेच लिहिते ना. ऑर्डरी सध्या कमी, मशिनं बंद."

"वेडी आहेस का? माझं कर्ज ज्या बँकेत आहे त्यांनी हा कागद बघितला तर?"

"तो कागद कुणालाच दिसत नाही. नावसुद्धा जात नाही वर."

"बँक ती बँक," दादा म्हणाला. "तुमची सगळी आतून एकच."

मी त्याला पुन्हा माझं ते पाठ केलेलं सगळं सांगितलं. की सगळ्यांनीच असं सांगितलं तर वर वाटेल धंदा जोरात आहे, लोक उड्या टाकून खरेदी करतायत, आणि मग ते व्याज वाढवतील. तो पोट धरून हसला. "म्हणजे माझ्या या एका कागदावर देशाचं व्याज हलतं होय? मग मला वर गालिच्यावरच नेऊन बसव की! लिही गं, आहे तसं राहू दे. बाबांची शेड बँकेच्या कागदावर तरी चालू दिसू दे."

मीही हसले. आणि फॉर्म तसाच पिशवीत घातला. फॉर्मच्या शेवटी शेऱ्याची एक ओळ असते, तिथे मला लिहिता आलं असतं. मी ती कोरी ठेवली. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. माझा भाऊ चारचौघांत ताठ मानेने बोलला, याचं मला बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढचे दोन दिवस मी गल्ली केली. अकरा शेडी. अकराच्या अकरा फाटकांत मी पाय ठेवला की आत काहीतरी सुरू व्हायचं. कुठे करवत, कुठे रंधा मशीन, एकाने तर नुसता हवेचा पंप सोडला. आणि अकराच्या अकरा मालकांनी तेच सांगितलं: जास्त, सगळी, होय, होय. कारण शेजारच्याने काय सांगितलं असेल ही प्रत्येकाला धास्ती. चौथ्या शेडीनंतर मला राहवेना. मी शेऱ्यात लिहिलं, "मशीन चालू, पण त्यात लाकूड नाही." पुढच्या सहा फॉर्मांवरही तेच लिहिलं. दादाच्या फॉर्मवर नाही.

साहेबांनी ते सात शेरे वाचले आणि गोळी तोंडात टाकली. "हे काय मॅडम?"

"सर, खोटं बोलतायत ते. मी सुताराची मुलगी आहे. मला आवाजावरून कळतं."

"आवाज कुठल्या रकान्यात भरू मी?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. "तुम्ही आवाज ऐकला, मी उद्या मालकाचा चेहरा वाचीन, परवा तिसरा कुणी हात बघेल. त्याने सांगितलेलं उत्तर लिहा. बस्स." आणि त्यांनी सातही शेऱ्यांवर एकेक रेघ मारली.

महिन्याभराने निर्णय आला. आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये टीव्हीसमोर उभे होतो. आमचे सर्वांत मोठे साहेब, राखाडी कोट घालून, संथ आवाजात वाचत होते: मागणी भक्कम आहे, लहान उत्पादकांकडे कामाचा ओघ आहे, भाव आणखी वाढवण्याची त्यांची तयारी दिसते, सबब व्याजदर वाढवण्यात येत आहे. माझ्या साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाले, "ऐकलंत? लहान उत्पादक! आपला आकडा वाचला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

एकट्या आमच्या गल्लीमुळे व्याज वाढलं असं मी म्हणत नाही. तेवढी मी मूर्ख नाही. बाकीही कागद होते. पण सगळ्या शहरांत अशा गल्ल्या आहेत, आणि सगळ्या गल्ल्यांत करवती आहेत.

तीन महिन्यांनी पुन्हा वाढलं. त्या फेरीत दादाकडे गेले तर तो फाटकातच उभा होता. "तेच लिही," म्हणाला, "बिल्डर अजून नाही म्हणालेला नाहीये. आता रडगाणं गायलं तर तोही पळेल." मला आत येऊ दिलं नाही. मी रस्त्यावर उभ्या उभ्या खुणा केल्या.

आणि मग बिल्डर नाही म्हणाला. त्याचंही काही चुकलं नाही. घर घेणाऱ्यांनी हिशोब केला, महिन्याचा हप्ता घरभाड्याच्या दीडपट होतोय म्हटल्यावर बेचाळिसांतल्या एकतीस जणांनी पाय मागे घेतला. त्याने काम थांबवलं. पाया खणून तसाच ठेवला. दुसरीकडे दादाच्या मशीनचा हप्ताही वाढलाच, कारण त्याच्या बँकेने आमच्या बँकेकडे बोट दाखवलं आणि दर चढवला. व्याज वाढलं की काय होतं ते मी लोकांना समजावून सांगायचे ना? अगदी तसंच झालं. एक पायरी चुकली नाही.

आधी तिघं घरी गेले. मग चौथा. मिस्त्रीकाका पगार न घेता दीड महिना येत राहिले, रोज शेड झाडायचे, अवजारांना तेल द्यायचे. शेवटी दादानेच त्यांना हात जोडले. वहिनीचा मला फोन आला. कधी नव्हे ती रडत नव्हती, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "ताई, तुमच्या साहेबांना एक शब्द टाका ना. हे रात्रंदिवस तेच बडबडतायत, की या वेळी चिमी आली की सगळं खरं सांगणार. काय खरं सांगणार, मला काही कळत नाही. पण त्यांना वाटतंय त्याने काहीतरी होईल."

मी गेले तेव्हा त्याने ऑफिसातली खुर्ची माझ्यासाठी पुसून ठेवली होती. शेडीत पाऊल टाकताना काहीच वाजलं नाही. नवं मशीन होतं तिथे फरशीवर नुसते चार बोल्ट उभे होते. आठवड्यापूर्वी बँकेची माणसं येऊन घेऊन गेली होती. फाटकावर शेड भाड्याने देण्याची पाटी होती. दादाने दाढी केली होती. समोर एक वही उघडी, तिच्यात त्याच्या गोल गोल अक्षरात सगळं उतरवलेलं.

"घे लिहून," तो म्हणाला. "ऑर्डरी: एक पण नाही. मशिनं चालू: एक पण नाही. माणसं: सगळी काढली. भाव: म्हणेल त्या भावात करून देईन म्हणतो, कुणी घेत नाही. आणि ते शेऱ्याचं असतं ना, त्यात लिही, की मागच्या दोन्ही वेळी हा माणूस खोटं बोलला. माझं नाव टाक. मला लाज नाही."

मी पिशवी उघडलीच नाही.

"काढ ना फॉर्म."

"दादा, शेड बंद झालीय."

"तेच तर सांगतोय!"

"बंद झालेल्याचा फॉर्म भरत नाहीत. नियम आहे. तुझा क्रमांक यादीतून काढलाय. तुझ्या जागी दुसरा चालू कारखाना घ्यायचा."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग अगदी हळू आवाजात, लहानपणी मला गणित समजावताना बोलायचा तसा, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "म्हणजे मी खोटं बोललो ते दोनदा मोजलंत. आणि आता खरं बोलतोय ते मोजणार नाही?"

"नाही."

"मग वर त्यांना कळणार कसं?"

"नाही कळणार. यादीत जे उरतात ते सगळे चालूच असतात ना."

मला वाटलं तो ओरडेल, वही फेकेल, मला हाकलून देईल. तसं केलं असतं तर मी त्याची ऋणी राहिले असते. त्याने वही मिटली, टेबलाच्या खणात ठेवली, खण लावला आणि म्हणाला, "चहा घेशील? घरून आणलाय थर्मासमध्ये." मी घेतला. काय करणार होते?

संध्याकाळी ऑफिसात मी त्याचा फॉर्म भरला. नियम गेला खड्ड्यात. वहीतलं सगळं मला पाठ झालं होतं. संगणकात सदतीस क्रमांक टाकला तर त्याने तो घेतलाच नाही, करड्या रंगाची नुसती रिकामी चौकट. मी कागद घेऊन साहेबांच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. मनापासून सांगतो. पण बंद पडलेलेही मोजायला लागलो तर मागच्या आकड्याशी याची तुलना कशी करायची? मोजायची पट्टीच बदलते." मग त्यांना वाटलं असावं मला धीर द्यावा, म्हणून त्यांनी टेबलावरचं ताजं टिपण माझ्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं, घरबांधणी मंदावली आहे, कर्जाची मागणी उतरली आहे, धोरणाचा परिणाम अपेक्षेप्रमाणे दिसू लागला आहे. मात्र चालू उत्पादकांचा उत्साह अजून टिकून असल्याने दर एवढ्यात खाली आणणं घाईचं ठरेल.

"अपेक्षेप्रमाणे," मी म्हटलं.

"हो ना," साहेब म्हणाले.

मी दादाचा कागद उचलला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. तो अजून तिथेच आहे. नोकरी सोडायची, असं त्या रात्री शंभर वेळा ठरवलं. सकाळी घराचं भाडं आठवलं आणि निळी पिशवी खांद्याला लावली. मी काही फार शूर बाई नाही.

सदतीस क्रमांकाच्या जागी संगणकाने जो कारखाना दिला तो दोन गल्ल्या पलीकडचा. मालकाला सगळे गॉगल म्हणतात, कारण तो पठ्ठ्या शेडीच्या अंधारातही डोक्यावर गॉगल चढवून फिरतो. दादाचं आणि त्याचं जन्मात कधी पटलं नाही. "त्याच्या दरवाज्याला फुंकर मारली तरी बिजागरी निघते," असं दादा म्हणायचा. मी मनाशी म्हटलं, बघू या, हा कुठलं पुराण लावतो.

फाटकाची कडी वाजवली आणि आत करवत किंचाळली.

एकाच सुरात. रिकामी. मला आता हसू आलं नाही. गॉगल दोन्ही हात पसरत पुढे आला, "या या मॅडम, बसा! पण बसायला जागा शोधावी लागेल हां, एवढं काम पडलंय!" काम कुठे दिसत नव्हतं. चार मशिनं, दोन पोत्याखाली, एक उघडं आणि गप्प. चौथी ती करवत. तिच्या बटणापाशी निळा, दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घातलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. मान थोडी डावीकडे कललेली. ती मान मला लांबून, गर्दीतून, कुठूनही ओळखता आली असती.

तो वळला. दादाने मला पाहिलं.

तो इथे कामाला लागलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीनेही नाही. त्याचा हात अजून बटणावरच होता. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. मी वाट बघितली. आता तो बंद करेल, म्हणेल, आपलीच आहे. दादा, बंद कर ना रे, एवढंच मनात घोकत मी उभी राहिले.

त्याने खाली बघितलं. बटणावरचा हात काढला, अंगरख्याला पुसला, आणि करवत तशीच चालू ठेवून भुसा नसलेली जमीन झाडायला लागला.

"ऑर्डरींचं काय म्हणता?" मी गॉगलला विचारलं.

"श्वास घ्यायला फुरसत नाही!"

"मशिनं किती चालू?"

"सगळी. ऐका की स्वतःच्या कानांनी!"

मी ऐकलं. मग मी 'सगळी'वर खूण केली. शेऱ्याची ओळ कोरी ठेवली, कारण तिथे काही लिहिलं आणि ते कुठून तरी गॉगलच्या कानावर गेलं, तर पहिला बाहेर कोण निघेल हे मला ठाऊक होतं. बँक ती बँक.

"भाव वाढवणार का?"

"काय म्हणालात?" गॉगलने कानाला हात लावला. करवतीपुढे त्याला काही ऐकू येत नव्हतं.

दादा आमच्याकडे पाठ करून झाडत होता. मी पुढे वाकले आणि तोच प्रश्न पुन्हा, ओरडून विचारला.